बेडकाची बुरशी आणि पोटातील गाठ

मृगाचा पाऊस लागला, की उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याचे रान जागे होते. काळी नदीचे खोरे, अणशीचा घाट, कॅसलरॉकच्या दरडी, उळवीकडे जाणाऱ्या वाटा या साऱ्या टापूत झाडांखाली वर्षभराचा पालापाचोळा कुजत पडलेला असतो, आणि त्या ओल्या थरात भुंगेरे, किडे, सरडे, पाली व असंख्य बेडूक यांचा संसार चालतो. कुणबी, गवळी आणि सिद्दी लोकांची घरे या रानातच विखुरलेली आहेत. त्यांची मुले याच मातीत रांगतात, खेळतात आणि मातीचे हात तोंडात घालतात. हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. तालुक्याचे जुने नाव सुपे. ते मूळ सुपे गाव पुढे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. हिवतापाचा मुलूख म्हणून सुप्याची अपकीर्ती जुनी आहे, आणि त्या तापाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. परंतु अशा ओल्या, उष्ण, पालापाचोळ्याच्या जमिनीत आणखी एक जीव राहतो, आणि त्याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. तो जीव म्हणजे एक बुरशी. ती बेडकाच्या आतड्यात सुखाने नांदते आणि बेडकाचे काहीही वाईट करीत नाही. क्वचित ती मुलाच्या आतड्यात शिरते, तेव्हा मात्र अशी गाठ उत्पन्न करते, की अनुभवी शल्यविशारदही तिला कर्करोग समजून बसतात.

या बुरशीचा शोध रुग्णालयात लागला नाही. जर्मन साम्राज्यातील ब्रेस्लाउ या नगरात, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफमध्ये, एदुआर्ड आयडाम नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ बेडकांच्या विष्ठेचे निरीक्षण करीत होता. त्या विष्ठेवर उगवलेल्या एका निराळ्या बुरशीचे वर्णन त्याने १८८६ मध्ये प्रसिद्ध केले व तिला ‘बॅसिडिओबोलस रॅनॅरम’ असे नाव दिले. ‘रॅनॅरम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बेडकांची’. या बुरशीची एक करामत पाहण्यासारखी आहे. तिच्या बारीक दांड्याच्या टोकाशी एक बीजाणू धरतो, दांड्याच्या फुगीर भागात दाब वाढत जातो, आणि पिचकारीतून पाणी उडावे तसा तो बीजाणू दूर फेकला जातो. हे बीजाणू किड्यांच्या अंगाला चिकटतात, बेडूक किंवा पाल तो किडा खाते, आणि बुरशी आतड्यातून विष्ठेबरोबर पुन्हा जमिनीवर येते. पुढे ती बेडकांखेरीज पाली, सरडे, वटवाघळे यांच्या आतड्यांत व कुजक्या पाल्यातही सापडली. जवळजवळ सत्तर वर्षे ही सारी माहिती वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतच पडून होती. बेडकाच्या विष्ठेवरील बुरशीशी वैद्याला काय कर्तव्य, असे कोणालाही वाटले असते.

तरीही बुरशीमुळे माणसाच्या शरीरात गाठ होऊ शकते, ही कल्पना वैद्यकाला नवी नव्हती, आणि ती सिद्ध करण्याच्या कामात मुंबई इलाख्याचा वाटा मोठा होता. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे नाव जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना निराळ्या कारणाने ठाऊक असावयास हवे. १८५८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील चित्रे त्यांनीच काढली. ग्रंथाचे नाव ग्रे यांच्या वाट्याला आले, आणि चित्रकार त्याच वर्षी मुंबईस येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. पुढे काही वर्षे ते साताऱ्यासही सिव्हिल सर्जन होते. शेतकऱ्यांच्या व गुराख्यांच्या पायाला होणारा, पाय भोपळ्यासारखा सुजवून त्यातून काळे वा पिवळसर कण बाहेर टाकणारा एक रोग मद्रासकडे ‘मदुरेचा पाय’ या नावाने ओळखला जात असे. कार्टर यांनी कापलेले पाय तपासले, ते कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि हा बुरशीचा रोग आहे असे प्रतिपादन केले. ‘मायसेटोमा’ हा शब्द त्यांचाच, आणि त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये निघाला. यांपैकी काही रोगी जीवाणूंमुळे झालेले असतात, हे नंतर कळले, परंतु त्यामुळे कार्टर यांच्या कामाचे मोल उणावत नाही. डोळ्याला अर्बुद वाटणारी गोष्ट कापून, भिंगाखाली धरून, आत कोण बसले आहे ते पाहावे, ही रीत त्यांनी घालून दिली. बेडकाच्या बुरशीच्या बाबतीत तिचाच अवलंब व्हावयाचा होता, पण फार उशिरा.

१९५६ मध्ये इंडोनेशियातील ली किआन जो आणि त्यांचे सहकारी यांनी एक लेख प्रसिद्ध केला. अमेरिकेतील बुरशीतज्ज्ञ चेस्टर एमन्स त्यांच्याबरोबर होते. त्वचेखाली लाकडासारखी कठीण, हळूहळू पसरणारी सूज आलेल्या रुग्णांच्या मांसातून त्यांनी एक बुरशी वाढविली. ती आयडामने सत्तर वर्षांपूर्वी पाहिलेली बेडकाची बुरशी निघाली. बेडकाच्या आतड्यातील जीव माणसाच्या अंगात रोग करतो, हे अशा रीतीने प्रथमच नोंदले गेले.

यानंतरचा प्रमुख पुरावा युगांडातून आला, आणि तो देणाऱ्या माणसाचे नाव पाहिले म्हणजे योगायोगाचे आश्चर्य वाटते. कंपाला येथील शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये आफ्रिकी मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका घातक अर्बुदाचे वर्णन केले होते, आणि तो कर्करोग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच बर्किट यांनी १९६४ मध्ये विल्सन व जेलिफ या सहकाऱ्यांसह युगांडातील त्वचेखालील बुरशीच्या ३१ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. मुलांचा सर्वांत वेगाने वाढणारा कर्करोग आणि त्याचे सोंग घेऊ शकणारी बुरशी, दोन्ही एकाच माणसाच्या नजरेखालून गेली. पुढे कित्येक मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना याच दोहोंत निवड करावी लागली. त्वचेखालच्या या रोगात सूज बहुधा मांडी, नितंब किंवा धडावर असे. शौचानंतर पाने वापरण्याच्या रिवाजातून बीजाणू शरीरात शिरत असावेत, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला. औषध म्हणून साधे, स्वस्त पोटॅशियम आयोडाइड दिले जाई, आणि पुष्कळदा त्याने सूज ओसरत असे.

या काळात महाराष्ट्र अगदीच अलिप्त होता असे नाही. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलिनचा कारखाना एवढीच त्याची ओळख लोकांत राहिली, परंतु तेथे बुरशींवर उत्तम संशोधन चालत असे. एम. जे. तिरुमलाचार हे त्या कामाचे प्रमुख. मातीतील एका सूक्ष्मजीवापासून त्यांनी ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक औषध १९६१ मध्ये जगापुढे मांडले, आणि त्या सूक्ष्मजीवाला पिंपरीचेच नाव दिले : ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’. याच तिरुमलाचारांनी एम. सी. श्रीनिवासन यांच्यासह १९६५ मध्ये माणसाला रोग करणाऱ्या बॅसिडिओबोलस जातींविषयी टिपण प्रसिद्ध केले, आणि १९६७ मध्ये भारतात आढळणाऱ्या जातींचा अभ्यास मांडला. या बुरशीच्या किती जाती मानाव्यात, असा वाद तेव्हा तज्ज्ञांत चालू होता. रोग करणाऱ्या साऱ्या जाती पुढे बहुतेकांनी एकाच ‘रॅनॅरम’मध्ये गणल्या. म्हणजे ज्या काळी भारतीय डॉक्टरांना या रोगाचे नावही ठाऊक नव्हते, त्या काळी पिंपरीच्या प्रयोगशाळेत त्याच्या कारणाची वाढ काचेच्या बशीत होत होती. प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांच्यामध्ये असे अंतर आपल्याकडे पुष्कळदा पडलेले दिसते. वेल्लोरच्या रुग्णालयातून ग्रेस कोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेखालच्या रोगाचे तीन रुग्ण १९७२ मध्ये नोंदले, आणि पाँडिचेरीहून १९७६ मध्ये असाच लेख आला. दक्षिण भारत या बुरशीचा मुलूख आहे, हे त्यावरून निश्चित झाले.

मात्र हे सारे त्वचेखालचे. पोटातील रोगाची कहाणी वेगळी, आणि अधिक अवघड आहे. त्वचेखालची सूज दिसते व हाताला लागते, तिचा तुकडा काढणेही सोपे असते. आतड्यातील गाठ कोणाच्या दृष्टीस पडत नाही. असा पहिला रुग्ण नायजेरियातून १९६४ मध्ये नोंदला गेला. त्यानंतर ब्राझीलमधून तुरळक वृत्तांत आले. अमेरिकेतील ॲरिझोना या रखरखीत राज्यात १९९४ ते १९९९ या काळात असे काही रुग्ण एकापाठोपाठ आढळले, तेव्हा तेथील आरोग्य खात्याचे लक्ष वेधले गेले. ओल्या रानातील बुरशी वाळवंटात कशी, हा प्रश्न साहजिक होता, पण सरडे वाळवंटातही असतात. त्या रुग्णांची चौकशी करता, त्या राज्यात अधिक वर्षे राहिलेल्यांना आणि जठरातील आम्ल कमी करणारे रॅनिटिडिन हे औषध घेतलेल्यांना धोका अधिक असावा, असे सूचित झाले. जठराचे आम्ल हा तोंडावाटे आत शिरणाऱ्या जंतूंविरुद्धचा पहिला पहारा असतो, हे लक्षात घेता ही सूचना अर्थपूर्ण वाटते. बीजाणू तोंडावाटेच, मातीने किंवा विष्ठेने दूषित अन्नातून पोटात जात असावेत, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात.

मुलांचे सर्वाधिक रुग्ण ज्या देशांतून आले त्यांत सौदी अरेबिया ठळक आहे. त्या देशाच्या नैर्ऋत्येकडील असीर व तिहामा या प्रदेशांतील मुले पोटात गाठ, ताप, वजनात घट आणि बद्धकोष्ठ घेऊन मोठ्या शहरांतील रुग्णालयांत येत, आणि त्यांतील काहींची प्रथम कर्करोगाचे रुग्ण म्हणून तपासणी होई. इराणमधील शिराझ येथूनही अशा अनेक रुग्णांचे वर्णन झाले. २०१२ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी जगभरातील ४४ रुग्णांचा आढावा घेतला. तोवर प्रसिद्ध झालेल्या साऱ्या वैद्यकीय वाङ्मयात एवढेच सापडले होते. त्यानंतर संख्या वाढली, आणि अलीकडच्या वर्षांत भारतातील रुग्णालयांनीही मुलांच्या पोटातील हा रोग नोंदला आहे. रोग वाढला की ओळख वाढली, याचा निवाडा अवघड आहे. दुसरेच अधिक संभवते.

ही बुरशी कर्करोगाचे सोंग घेते तरी कसे? ती बहुधा मोठ्या आतड्यात, विशेषतः त्याच्या आरंभीच्या व अखेरच्या भागात ठाण मांडते. शरीर तिच्याभोवती पेशींची तटबंदी उभारते, तटबंदीवर तटबंदी चढते, आतड्याची भिंत जाड होते, वाट अरुंद होते, आणि शेजारचे यकृत किंवा मूत्रमार्ग यांनाही ती गाठ चिकटते. क्ष-किरणांच्या आधुनिक यंत्रात हे चित्र हुबेहूब अर्बुदाचे दिसते. मुलाचे वजन उतरलेले, अंगात ताप आणि आतड्यात गाठ, एवढे समोर असले म्हणजे डॉक्टरांच्या मनात लसिका-ग्रंथींचा कर्करोग येणे स्वाभाविकच. आपल्या देशात आणखी एक वाटेकरी आहे, तो म्हणजे आतड्याचा क्षय. भारतीय डॉक्टर उजव्या ओटीपोटातील गाठ पाहताच प्रथम क्षयाचा विचार करतो, आणि शंभरांतील नव्याण्णव वेळा त्याला दोष देता येत नाही. उरलेल्या एका वेळी मूल महिनोन्‌महिने क्षयाची औषधे घेत राहते आणि गाठ वाढत राहते.

२०२१ मध्ये करोनाच्या साथीत ‘काळी बुरशी’ हे नाव घरोघरी पोहोचले. ती आणि ही एक नव्हे. काळी बुरशी मधुमेहाने किंवा औषधांनी दुबळ्या झालेल्या शरीरात शिरते, रक्तवाहिन्या फोडते आणि काही दिवसांत जीव घेते. बेडकाची बुरशी धडधाकट मुलालाही गाठते, रक्तवाहिन्यांच्या वाटेस सहसा जात नाही आणि महिनोन्‌महिने सावकाश वाढते. दोघींचे तंतू मात्र सूक्ष्मदर्शकाखाली सारखे रुंद दिसतात, म्हणून गफलत होते. ती गफलत महागात पडते, कारण काळ्या बुरशीवरील प्रमुख औषध अँफोटेरिसिन हे या बुरशीवर पुष्कळदा चालत नाही.

खरी खूण निराळी आहे. या रोगात रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बहुधा फार वाढलेल्या असतात. एरवी या पेशी जंतांमुळे किंवा ॲलर्जीने वाढतात. खेड्यातील मुलाच्या रक्तात त्या वाढलेल्या दिसल्या, की त्याला जंताचे औषध दिले जाते आणि पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. पोटातील गाठीच्या तुकड्यातही या पेशींचा सडा पडलेला असतो, आणि बुरशीच्या तंतूंभोवती गुलाबी, चकचकीत वेष्टण चढलेले दिसते. त्या वेष्टणाला दोन संशोधकांची नावे जोडलेली आहेत : ब्राझीलमध्ये १९०८ साली दुसऱ्याच एका बुरशीभोवती ते पाहणारे स्प्लेन्डोरे, आणि १९३२ साली एका जंताच्या अंड्यांभोवती ते वर्णन करणारे होएपली. दोघांपैकी एकालाही बेडकाची बुरशी अभिप्रेत नव्हती. तरीही त्यांनी टिपलेली ती गुलाबी कड आज अनेक मुलांना कर्करोगाच्या औषधांपासून वाचवीत आहे.

ही कड दिसावयाची तर तुकडा आधी काढावा लागतो. येथेच सारी मेख आहे. गाठ कर्करोगाची असे गृहीत धरून आतड्याचा मोठा भाग कापला जातो, आणि शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने अहवाल येतो, की ही बुरशी होती. काही वेळा आतड्याला भोक पडते किंवा वाट बंद होते, तेव्हा शस्त्रक्रिया अटळच असते. परंतु ज्या मुलांत निदान वेळीच होते, त्यांना इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल ही औषधे अनेक महिने देऊन गाठ विरघळविता येते, असा अनुभव आहे. काही रुग्ण दगावतात, आणि त्यांत उशिरा झालेल्या निदानाचा वाटा थोडा नसतो.

याच पश्चिम घाटातील दुसऱ्या एका रानाच्या रोगाशी तुलना केली, म्हणजे या निदानाची अडचण ध्यानात येते. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरून पडू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. मेलेल्या माकडांनी आधीच इशारा दिला होता. संशोधक तेथे पोहोचले, गोचिडीतून पसरणारा विषाणू सापडला, आणि ‘माकडताप’ हे नावही लोकांनी ठेवले. बेडकाच्या बुरशीला असा सांगाती नाही. बेडूक मरत नाही, पाल मरत नाही, गावात साथ येत नाही. एखाद्या वाडीतील एकच मूल सुकत जाते, आणि त्याच्या आधी वा नंतर तसे दुसरे मूल त्या वाडीने पाहिलेले नसते.

जोयड्यासारख्या तालुक्यातील असे मूल प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रात जाते, मग दांडेली किंवा कारवारला, आणि तेथून बेळगाव, हुबळी किंवा गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे. बेळगावचे महाविद्यालय १९६३ चे, हुबळीचे १९५७ चे, आणि गोव्याची वैद्यकीय शाळा तर पोर्तुगीज अमदानीत, १८४२ मध्ये निघाली. या रुग्णालयांत मुलाच्या पोटातील गाठीचा तुकडा निघतो, तेव्हा जुन्या सवयीने तो सबंध तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला जातो. कर्करोग शोधण्यास ते योग्यच आहे. पण फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते आणि मग ती वाढविता येत नाही. म्हणून बुरशीतज्ज्ञ दोन बाटल्या मागतात : एक फॉर्मॅलिनची, दुसरी साध्या निर्जंतुक मिठाच्या पाण्याची. दुसऱ्या बाटलीतील तुकडा बर्फात ठेवावयाचा नसतो, आणि त्याचे वाटून बारीक भूसही करावयाचे नसते, कारण या बुरशीचे तंतू नाजूक असतात. तो बारीक कापून पोषक द्रव्याच्या बशीत, ३० अंश सेल्सिअसच्या उबेत ठेवतात. दोन-तीन दिवसांत पिवळसर करडा, सुरकुतलेला थर वाढतो, आणि त्याला पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास येतो. थोड्याच दिवसांत बशीचे झाकण धुरकट दिसू लागते. ते झाकण भिंगाखाली धरले, तर त्यावर खालून वर फेकले गेलेले गोल बीजाणू चिकटून बसलेले असतात.